अनेक नेटवर्क कार्डांचा सर्व्हर: बिघाड शोधण्याचा क्रम

एकापेक्षा अधिक नेटवर्क कार्डे असलेल्या सर्व्हरचे नेटवर्क सहसा पूर्णपणे बंद पडत नाही. एक बाजू चालू राहते आणि दुसरी अडते. ऑफिसमधून सर्व्हर दिसतो, पण मशीनचा डेटा येत नाही. पिंग होते, पण प्रोग्राम उघडत नाही. सकाळपर्यंत नीट चाललेली जोडणी वीज जाऊन आल्यावर बंद पडते. अशा वेळी ‘नेट चालू आहे का?’ एवढे विचारून काही हाती लागत नाही. पॅकेट कोणत्या कार्डावर आले आणि त्याचे उत्तर कोणत्या कार्डावरून गेले, हे शोधावे लागते.

बारामती एमआयडीसीत तीनचाकी वाहने, फोर्जिंग, दुग्धप्रक्रिया, चॉकलेट, तयार कपडे असे एकमेकांशी संबंध नसलेले उद्योग शेजारी शेजारी आहेत. पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो ही मोठी नावे; त्यांच्याभोवती लहान-मध्यम वर्कशॉप आणि प्रक्रिया उद्योग. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतही लहान कारखाने आहेत. लहान कारखान्यात बहुधा एकच सर्व्हर सगळा भार वाहतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर, मशीनच्या पीएलसीकडून (मशीन चालवणाऱ्या नियंत्रकाकडून) येणारे उत्पादनाचे आकडे त्यावर आणि कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंगही त्यावरच. म्हणून एका सर्व्हरला तीन-चार कार्डे लागतात.

पुढील विवेचनात एकच नमुना धरला आहे. पहिले कार्ड ऑफिसकडे, पत्ता १९२.१६८.१०.५. दुसरे मशीनकडे, १९२.१६८.२०.५. तिसरे कॅमेऱ्यांकडे, १९२.१६८.३०.५. तिन्हींचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. इंटरनेटचा राउटर ऑफिसच्या बाजूला, १९२.१६८.१०.१ या पत्त्यावर.

कोणते कार्ड कुठे

पहिले काम कार्डांची ओळख पटवण्याचे. सर्व्हरच्या मागे चार पोर्ट एकसारखे दिसतात आणि पडद्यावरची नावे त्यांच्या क्रमाने असतीलच असे नाही. लिनक्समध्ये २०१३ सालापासून सिस्टमडीने कार्डांना ती बसवलेल्या जागेवरून नावे देण्याची पद्धत आणली. त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर नावांची अदलाबदल होणे थांबले. मात्र नवे रेड कार्ड किंवा ग्राफिक्स कार्ड बसवले की पीसीआय बसचे क्रमांक सरकू शकतात आणि जुन्या कार्डाचे नाव बदलू शकते. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जुनेच नाव राहते आणि कार्डाला पत्ताच मिळत नाही.

खात्रीची ओळख मॅक पत्त्याने होते. ४८ बिटांचा हा पत्ता कार्डाबरोबर येतो. नाव बदलले तरी तो बदलत नाही. लिनक्समध्ये ‘आयपी लिंक’ आणि विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग ऑल’ या आज्ञेने प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता दिसतो. लिनक्समधील ‘ईथटूल’ला कार्डाच्या नावासोबत ‘पी’ हा पर्याय दिला, तर अनेक कार्डांच्या पोर्टवरचा दिवा लुकलुकतो. रॅकमागे उभ्या असलेल्या माणसाला तेवढे पुरते. ओळख पटली की पोर्टवर आणि केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी: ऑफिस, मशीन, कॅमेरा.

सर्व्हरचे व्यवस्थापन पोर्ट वेगळे धरावे. डेलचे आयडीरॅक किंवा एचपीईचे आयएलओ स्वतंत्र पोर्ट वापरते किंवा, तशी सेटिंग असेल तर, साध्या नेटवर्क पोर्टमध्येच भागीदार होते. भागीदारी असेल तर स्विचच्या एका पोर्टवर दोन मॅक पत्ते दिसतात. तो दोष नव्हे.

केबल, दिवे आणि वेग

लिंकचा दिवा लागला म्हणजे केबल चांगली, असे धरून चालत नाही. तांब्याच्या केबलवर गिगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात. उंदराने एक जोडी कुरतडली किंवा क्रिंपिंग सैल राहिले, तर लिंक अनेकदा तुटत नाही, १०० मेगाबिटवर उतरते. कॅमेऱ्यांचे चित्र अडखळू लागते आणि ठपका सॉफ्टवेअरवर येतो. म्हणून ‘ईथटूल’मध्ये लिंक आहे की नाही यासोबत वेग आणि डुप्लेक्सही पाहावे. विंडोजमध्ये हीच माहिती पॉवरशेलच्या ‘गेट-नेटअडॅप्टर’ आज्ञेने मिळते.

त्यानंतर त्रुटींचे आकडे पाहावेत. सीआरसी त्रुटी वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा जवळून जाणारी मोटरची पॉवर केबल यांवर संशय घ्यावा. एका टोकाला वेग हाताने ठरवलेला आणि दुसऱ्या टोकाला स्वयंचलित असेल, तर एक बाजू फुल डुप्लेक्स आणि दुसरी हाफ होते. लहान पिंग नीट जाते. मोठी फाइल पाठवली की वेग कोसळतो. दोन्ही टोके स्वयंचलित ठेवणे हा उपाय.

शेडपासून ऑफिसपर्यंतचे अंतर हा नेहमीचा अडथळा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि ती छतावरून, ट्रेमधून घेतलेल्या वळशांसह मोजायची असते. दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी फायबर टाकावी. वळवाच्या पावसात वीज कडाडली की इमारतींमधल्या तांब्याच्या केबलमधून धक्का येऊ शकतो आणि सर्व्हरचे एखादे पोर्ट कायमचे निकामी होऊ शकते. फायबरमधून तो धक्का येत नाही.

पत्ता आणि मास्क

लिंक ठीक असेल तर पत्त्याकडे वळावे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कार्डाने डीएचसीपीकडे पत्ता मागितला आणि तो मिळाला नाही, असा अर्थ. सर्व्हरच्या कार्डांना हाताने दिलेले कायमचे पत्ते असावेत.

मास्क चुकला तर दोष फसवा असतो. मशीनच्या कार्डाला २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० दिला, तर सर्व्हरला १९२.१६८ ने सुरू होणारे सारे जग मशीनच्या बाजूला आहे असे वाटते. ऑफिस आणि कॅमेऱ्यांचे मास्क बरोबर असल्याने तिकडचे काम चालते. पण दुसऱ्या शाखेचा १९२.१६८.५० चा भाग गाठता येत नाही, कारण पॅकेट राउटरकडे न जाता शॉप फ्लोअरवर जाते.

खासगी पत्त्यांचे तीन गट १९९६ च्या आरएफसी १९१८ ने राखून ठेवले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. सगळे जग यांतूनच पत्ते घेते, म्हणून टक्कर होते. सर्व्हरवर डॉकर बसवले की ते स्वतःसाठी सहसा १७२.१७ चा गट घेते. मशीन पुरवठादाराने पीएलसीला तोच गट दिला असेल, तर डॉकर सुरू झाल्या क्षणापासून पीएलसी दिसेनासा होतो. मशीनकडे दोष नसतो. सर्व्हर ती पॅकेट स्वतःच्याच पोटात पाठवत असतो. डॉकरचा गट बदलला की प्रश्न सुटतो.

विंडोजवर जळालेले कार्ड बदलून नवे बसवले आणि जुना पत्ता दिला, तर तो आधीच दुसऱ्या कार्डाला दिल्याचा इशारा येतो. काढून टाकलेल्या कार्डाची नोंद मागे राहिलेली असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवून ती नोंद काढावी.

डिफॉल्ट गेटवे एकच

अनेक कार्डांच्या सर्व्हरवरील सर्वांत जास्त तक्रारींचे मूळ इथे असते. प्रत्येक कार्डाच्या सेटिंगमध्ये गेटवेचा रकाना दिसतो आणि बसवणारा तो तिन्ही ठिकाणी भरतो. प्रत्यक्षात डिफॉल्ट गेटवे कार्डाचा नसतो, पूर्ण सर्व्हरचा असतो. राउटिंग टेबलमध्ये ज्याच्या पत्त्याचा वेगळा मार्ग नाही असे प्रत्येक पॅकेट त्याच्याकडे जाते. दोन-तीन गेटवे असतील तर कमी मेट्रिकचा जिंकतो. विंडोज स्वयंचलित मेट्रिक ठरवताना वेगवान कार्डाला झुकते माप देते. म्हणून कॅमेऱ्यांसाठी नवे १० गिगाबिट कार्ड बसवले आणि त्यात गेटवे भरला, तर इंटरनेटची पॅकेटसुद्धा कॅमेऱ्यांच्या स्विचकडे जाऊ लागतात.

नियम असा: गेटवे फक्त ऑफिसच्या कार्डाला द्यावा, मशीन आणि कॅमेऱ्यांच्या कार्डांचा रकाना रिकामा ठेवावा. मशीनच्या बाजूला राउटरपलीकडे आणखी एखादे जाळे असेल, तर त्यापुरता स्थिर मार्ग लिहावा.

पडताळणीला लिनक्समध्ये ‘आयपी राउट गेट’ ही आज्ञा उत्तम. तिच्यापुढे गंतव्य पत्ता दिला की पॅकेट कोणत्या कार्डावरून, कोणत्या गेटवेमार्फत आणि कोणता पत्ता लावून जाईल हे एका ओळीत कळते. विंडोजमध्ये ‘राउट प्रिंट’ने पूर्ण टेबल आणि ‘फाइंड-नेटराउट’ने नेमका मार्ग दिसतो.

पीएलसीच्या बाजूचा गेटवेही पाहावा. अनेक पीएलसींमध्ये तो रिकामा किंवा ०.०.०.० असतो. असा पीएलसी फक्त स्वतःच्या सबनेटमधल्यांना उत्तर देतो. सर्व्हरवरून तो दिसतो आणि ऑफिसच्या संगणकावरून दिसत नाही, यात सर्व्हरचा दोष नाही.

उत्तर कोणत्या वाटेने जाते

कारखान्यात लेयर-३ स्विच, म्हणजे जाळ्यांमध्ये राउटिंगही करणारा स्विच, आला की आणखी एक प्रकार घडतो. ऑफिसमधला १९२.१६८.१०.५० हा संगणक सर्व्हरला त्याच्या मशीनकडच्या पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८.२०.५ वर हाक मारतो. स्विच ते पॅकेट मशीनच्या जाळ्यात उतरवतो आणि ते सर्व्हरच्या दुसऱ्या कार्डावर पोहोचते. उत्तर देताना सर्व्हर टेबल पाहतो. १९२.१६८.१० तर पहिल्या कार्डाला थेट जोडलेले आहे, म्हणून उत्तर पहिल्या कार्डावरून निघते. आत यायची वाट एक, बाहेर जायची दुसरी.

पुढे काय होते हे सेटिंगवर ठरते. लिनक्समधील आरपी फिल्टर १ वर असेल, तर ज्या कार्डावरून उत्तर जाणार नाही त्यावर आलेले पॅकेट टाकून दिले जाते. हे तपासण्यासाठी दोन खिडक्यांत ‘टीसीपीडम्प’ चालवावे, एकेका कार्डावर एकेक. दुसऱ्या कार्डाच्या खिडकीत ऑफिसच्या संगणकाकडून आलेल्या मागण्या एकामागून एक दिसतात. पहिल्या कार्डाच्या खिडकीत त्यांचे एकही उत्तर नसते. टीसीपीडम्प फिल्टरच्या आणि फायरवॉलच्या आधी पॅकेट पाहतो, त्यामुळे त्यात दिसलेले पॅकेट सर्व्हरने स्वीकारले असे समजू नये. मार्शियन पॅकेटची, म्हणजे अशा अनपेक्षित पत्त्याच्या पॅकेटची, नोंद चालू केली की कर्नलच्या लॉगमध्ये कारण सापडते.

फिल्टर २ वर, म्हणजे सैल असेल, तर उत्तर पहिल्या कार्डावरून जाते आणि पिंग होते. पण मध्ये फायरवॉल असेल तर तिला टीसीपी संवादाचा अर्धाच भाग दिसतो: सुरुवातीची मागणी दिसते, सर्व्हरची संमती दिसत नाही. पुढची पॅकेट ती अडवते. ‘पिंग होते, पण प्रोग्राम उघडत नाही’ या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण आहे. आरपी फिल्टर तपासताना ‘ऑल’ आणि त्या कार्डाची अशा दोन्ही किमती पाहाव्यात. दोहोंतली मोठी लागू होते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ज्याने त्याने आपल्या बाजूचा पत्ता वापरावा: ऑफिसने १०.५, मशीनने २०.५. ते शक्य नसेल तर लिनक्समध्ये प्रत्येक कार्डासाठी वेगळे राउटिंग टेबल करून ‘आयपी रूल’ने नियम लिहावा, की २०.५ हा पत्ता लावून निघणारे पॅकेट दुसऱ्या कार्डावरूनच जावे.

दोन इंटरनेट लाइन दोन कार्डांना थेट जोडल्या तरी हेच होते. दुसऱ्या लाइनवरून आलेल्याला पहिल्या लाइनवरून उत्तर जाते आणि आपल्या गटाबाहेरचा पत्ता पाहून सेवा पुरवठादार ते गाळू शकतो. दोन लाइन सर्व्हरला न जोडता दोन लाइन सांभाळणाऱ्या राउटरला जोडाव्यात.

एकाच सबनेटमध्ये दोन कार्डे

वेग दुप्पट होईल या समजुतीने दोन कार्डे एकाच स्विचला जोडून १०.५ आणि १०.६ असे पत्ते दिले जातात. वेग वाढत नाही, गोंधळ वाढतो. लिनक्स पत्ता कार्डाचा न मानता सर्व्हरचा मानते, म्हणून १०.६ कोणाचा, या एआरपी चौकशीला दोन्ही कार्डे उत्तर देऊ शकतात. ऑफिसच्या संगणकांत एकाच पत्त्यापुढे कधी एक मॅक, कधी दुसरा दिसतो. एक केबल काढली की दोन्ही पत्ते काही काळ गायब होऊ शकतात. नाइलाज असेल तर एआरपी इग्नोर १ आणि एआरपी अनाउन्स २ ठेवावे. योग्य मार्ग मात्र बाँडिंगचा.

बाँडिंग, व्हीलॅन, एमटीयू

बाँडिंगमध्ये दोन कार्डे मिळून एक होतात. विंडोज त्याला टीमिंग म्हणते. लहान कारखान्यासाठी अॅक्टिव्ह-बॅकअप प्रकार पुरेसा: एक कार्ड काम करते, दुसरे राखीव राहते आणि स्विचवर काही बदलावे लागत नाही. एलएसीपी प्रकार निवडला तर स्विचवरही तेवढीच पोर्ट एकत्र बांधावी लागतात. एका टोकाला एलएसीपी आणि दुसऱ्या टोकाला साधी पोर्ट असतील, तर काही संगणकांना सर्व्हर दिसतो आणि काहींना नाही, असे होऊ शकते. लिनक्समध्ये प्रॉकखालच्या नेट-बाँडिंग फोल्डरातील फाइल उघडली की कोणते कार्ड सक्रिय आहे, कोणाची लिंक किती वेळा तुटली हे कळते. बाँडिंग बसवल्यावर एक केबल मुद्दाम काढून पाहावी. ही चाचणी न झालेले राखीव कार्ड गरजेच्या दिवशी दगा देऊ शकते.

व्हीलॅन वापरत असतील तर टॅग दोन्ही टोकांना जुळला पाहिजे. स्विच टॅगशिवाय पाठवतो आणि सर्व्हर टॅगची वाट पाहतो, अशी स्थिती असेल तर लिंक हिरवी, पत्ता बरोबर, तरीही शेजारच्याचे पिंग नाही.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, साधारण १५०० बाइट असते. कॅमेऱ्यांच्या किंवा बॅकअपच्या कार्डाला कोणी ९००० केले आणि स्विचला ते मान्य नसेल, तर लहान पॅकेट जातात, मोठी हरवतात. तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचे पिंग करावे. २८ बाइटचे शीर्षक धरून ते १५०० होते. ९००० साठी आकडा ८९७२. जो आकडा अडेल तिथे मर्यादा.

फायरवॉल, सेवा आणि नाव

विंडोज सर्व्हरवर मशीनच्या कार्डाला गेटवे नसल्याने विंडोज त्या जाळ्याला अनोळखी मानून सार्वजनिक गटात टाकते आणि फायरवॉल कडक होते. गेटवेचा रकाना रिकामा ठेवणे बरोबरच आहे. त्यासाठी फायरवॉल पूर्ण बंद करू नये. सर्व्हरवर बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी जे पोर्ट लागते तेवढेच, १९२.१६८.२० या गटापुरते उघडावे. मॉडबस टीसीपीचे पोर्ट ५०२ आहे, पण तिथे बहुधा सर्व्हरच पीएलसीकडे जातो, म्हणून आत येणारा नियम लागतोच असे नाही.

सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकते आहे तेही पाहावे. लिनक्समध्ये ‘एसएस’, विंडोजमध्ये ‘नेटस्टॅट’. ०.०.०.० दिसले तर ती सर्व कार्डांवर ऐकते, १९२.१६८.१०.५ दिसले तर फक्त ऑफिसच्या बाजूला. डेटाबेस ऑफिसकडूनच उघडत असेल तर कारण बहुधा हेच.

डोमेनमधला विंडोज सर्व्हर आपल्या सर्व कार्डांचे पत्ते डीएनएसमध्ये नोंदवू शकतो. मग ऑफिसमधल्या एखाद्या संगणकाला नावावरून कॅमेऱ्यांकडचा ३०.५ मिळतो आणि तो अडकतो. पत्त्याने उघडते, नावाने उघडत नाही, हे त्याचे लक्षण. मशीन आणि कॅमेऱ्यांच्या कार्डांवरची डीएनएस नोंदणीची खूण काढावी आणि जुन्या नोंदी पुसाव्यात.

वीज जाऊन आल्यावर

जनरेटरवर जाताना किंवा यूपीएसची बॅटरी संपल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू होतो आणि दोन गोष्टी उघड होतात. पहिली, आज्ञेने घातलेला मार्ग तात्पुरता असतो. ‘आयपी राउट अॅड’ने सोडवलेला प्रश्न पुढच्या रीस्टार्टला परत येतो. मार्ग नेटप्लॅन किंवा नेटवर्क मॅनेजरमध्ये कायमचा लिहावा. विंडोजमध्ये ‘राउट अॅड’ला ‘पी’ पर्याय द्यावा. दुसरी, स्विच आणि सर्व्हर एकाच वेळी जागे होत नाहीत. जुन्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत लिंक आल्यानंतरही पोर्ट सुमारे ३० सेकंद वाहतूक सोडत नाही. तेवढ्यात डीएचसीपीची मुदत संपते किंवा सेवा सुरू होऊन अपयशी ठरते. सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट ही सेटिंग द्यावी आणि स्विचलाही यूपीएसवर घ्यावे.

लांबून बदल करताना

पुण्यात बसून बारामतीच्या सर्व्हरचा गेटवे बदलताना एक चूक झाली तर जोडणी तुटते आणि शंभरेक किलोमीटर गाडी काढावी लागते. उबुंटूवर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरावे. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनी सेटिंग परत येते. इतर ठिकाणी जुनी सेटिंग परत आणणारे काम आधी वेळापत्रकात लावावे आणि मगच बदल करावा. व्यवस्थापन पोर्ट जोडलेले असेल तर ते सर्वांत सुरक्षित.

दोन जाळी जोडू नयेत

मशीन ऑफिसमधून दिसत नाही म्हणून सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग चालू करणे हा झटपट, पण घातक उपाय आहे. सर्व्हर राउटर बनतो आणि ऑफिसमधला व्हायरस पीएलसीपर्यंत जाऊ शकतो. व्हायरस प्रत्यक्ष काम कसे थांबवतो ते दिसले आहे: जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरचा फटका न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातील एपीएम टर्मिनल्सच्या टर्मिनललाही बसला आणि कंटेनरचे काम अडले. मशीनचा डेटा ऑफिसला हवा असेल तर तो सर्व्हरवरच्या डेटाबेसमधून द्यावा किंवा मधे फायरवॉल बसवून ठरावीक पोर्टच उघडावे.

दुरुस्तीनंतर

दुरुस्ती झाली की प्रत्येक कार्डावरून त्या बाजूच्या एका उपकरणाला पिंग करावे, प्रत्येक बाजूने सर्व्हरवरील प्रत्यक्ष वापराचा प्रोग्राम उघडून पाहावा, शिफ्टच्या मधल्या वेळेत सर्व्हर एकदा रीस्टार्ट करून तीच तपासणी पुन्हा करावी. मग कार्डाचे नाव, मॅक, पत्ता, मास्क, गेटवे, स्विचचा पोर्ट क्रमांक आणि व्हीलॅन एका कागदावर लिहून तो रॅकच्या दारावर आतून चिकटवावा. पासवर्ड त्यावर नसावा. बदल झाला की त्याच कागदावर तारखेसह नोंद करावी.